ब्रिटनमध्ये मुलांसोबत गाडीने प्रवास करताना : धूम्रपानाचा कायदा नवागतांनी कसा पाळावा

इंग्लंडमध्ये नव्याने आलेले कुटुंब पहिल्या काही महिन्यांतच गाडीच्या खटपटीला लागते. भारतातील लायसन्सवर येथे राहायला आल्यापासून बारा महिने गाडी चालवता येते, त्यामुळे गाडी लवकर दारात येते आणि मग विमा, रोड टॅक्स, मुलांसाठीची खुर्ची अशी सगळी चौकशी होते. आपल्या स्वतःच्या गाडीत मूल बसलेले असताना सिगारेट ओढणे हा येथे गुन्हा आहे, ही माहिती मात्र त्या चौकशीत सहसा येत नाही. भारतात २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानुसार २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे. तिथे बस आणि रेल्वेचा डबा या बंदीत येतो, खाजगी गाडी येत नाही. त्यामुळे 'गाडी माझी, तिच्यात काय करायचे ते मी ठरवीन' ही समजूत आपल्याबरोबर विमानातून इथवर येते, आणि ती पहिल्याच आठवड्यात सोडून द्यावी यासाठी हा लेख लिहिला आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हा नियम १ ऑक्टोबर २०१५ रोजी लागू झाला. त्यापूर्वी फेब्रुवारी २०१४ मध्ये हाऊस ऑफ कॉमन्सने ३७६ विरुद्ध १०७ मतांनी या कल्पनेला संमती दिली होती. खाजगी वाहन ही घरासारखीच खाजगी जागा आहे, तिथे सरकारने डोकावू नये, असा आक्षेप तेव्हा जोरात घेतला गेला. त्यावरचे उत्तर सोपे होते आणि मला ते आजही पूर्ण पटते : मागच्या सीटवर पट्ट्याने बांधलेल्या मुलाला उठून दुसऱ्या खोलीत जाता येत नाही.

पहिली पायरी : गाडीत कोण बसले आहे ते पाहा

नियमाचा गाभा एवढाच आहे की बंदिस्त वाहनात एकाहून अधिक माणसे असतील आणि त्यांपैकी एक जण जरी अठरा वर्षांखालील असेल, तर ते वाहन तेवढ्या वेळेपुरते धूम्रपानमुक्त ठरते. मूल तुमचे आहे की शेजाऱ्याचे, ते जागे आहे की झोपलेले, प्रवास दोन मिनिटांचा आहे की दोन तासांचा, याने काहीही फरक पडत नाही.

येथे वयाचा घोटाळा नेहमी होतो. मुलांच्या खास खुर्चीचा नियम बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत किंवा उंची १३५ सेंटिमीटर होईपर्यंत असतो, आणि ती खुर्ची गाडीतून निघाली की बाकीचे बालकांचे नियमही संपले असे अनेक पालकांना वाटते. धूम्रपानाच्या कायद्यात मात्र अठरावा वाढदिवस हीच सीमा आहे, म्हणजे वडिलांपेक्षा उंच झालेला सोळा वर्षांचा मुलगाही या कायद्याच्या दृष्टीने मूलच आहे. सतराव्या वर्षी येथे गाडी चालवण्याचा परवाना मिळू शकतो, त्यामुळे आणखी एक गंमतीदार वाटणारी पण खरी स्थिती तयार होते : सतरा वर्षांचा चालक एकटाच गाडीत असेल तर हा नियम त्याला लागत नाही, पण त्याच्या शेजारी एकोणीस वर्षांचा मित्र बसून सिगारेट ओढू लागला, तर ओढणारा मित्र आणि त्याला न अडवणारा चालक असे दोघेही दंडास पात्र होतात. घरात कॉलेजला जाणारे मूल असेल तर गाडीची किल्ली हातात देण्यापूर्वी हे त्याला नीट समजावून सांगावे.

दुसरी पायरी : काच उघडल्याने सुटका होत नाही, हे मनात पक्के करा

सर्वांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहेत, म्हणून येथे थोडे थांबू या. कायद्याने 'बंदिस्त वाहन' म्हणजे पूर्ण किंवा अंशतः छत असलेले वाहन, ज्याला उघडता येणारी दारे किंवा खिडक्या आहेत, असे मानले आहे. चारही काचा खाली केल्या, सनरूफ उघडले, एसी पूर्ण वेगाने सुरू ठेवला, तरी वाहन बंदिस्तच राहते. गाडी कडेला उभी करून, दार उघडून, पाय बाहेर सोडून सीटवर बसून सिगारेट ओढली, तरी मूल आत असेल तर नियमभंग होतो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये आई सामान आणायला गेली आहे, मुले मागे बसली आहेत आणि वडील दारात बसून झुरके घेत आहेत, हे दृश्य म्हणूनच कायद्यात बसत नाही. सूट आहे ती फक्त छत पूर्णपणे मागे दुमडून ठेवलेल्या कन्व्हर्टिबल गाडीला. छत अर्धे उघडून चालत नाही.

मोटरहोम, कॅम्परव्हॅन आणि कॅराव्हॅन यांच्या बाबतीत वापरावरून निर्णय होतो. ती रस्त्यावरून वाहन म्हणून धावत असताना नियम लागू होतो, आणि मुक्कामाच्या ठिकाणी ती राहण्याची जागा म्हणून वापरली जात असताना लागू होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीन मराठी कुटुंबे मिळून अशी गाडी भाड्याने घेतात, तेव्हा हा भेद लक्षात ठेवावा. कायद्याने मोकळीक दिली म्हणून बाळ झोपलेल्या त्या चिमुकल्या खोलीत सिगारेट पेटवावी, असे मात्र मी कोणालाही सुचवणार नाही.

काच उघडूनही कायदा सूट का देत नाही, यामागे केवळ हट्ट नाही. ॲबरडीन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष प्रवासांत गाडीच्या मागच्या भागातील हवा मोजली होती. धूम्रपान न झालेल्या प्रवासांत सूक्ष्म कणांचे प्रमाण दर घनमीटरला सरासरी सुमारे ७.४ मायक्रोग्रॅम निघाले, तर धूम्रपान झालेल्या प्रवासांत ते सुमारे ८५ होते. आणि यांतल्या अनेक चालकांनी काच उघडली होती किंवा पंखा लावला होता. जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांच्या सरासरीसाठी सुचवलेली त्या काळची मर्यादा २५ होती. लहान मुले मोठ्यांपेक्षा जलद श्वास घेतात, त्यांची फुप्फुसे आणि श्वासनलिका अजून वाढत असतात, त्यामुळे तीच हवा त्यांना अधिक बाधते. दमा, ब्राँकायटिस, न्यूमोनिया, कानाचे वारंवार होणारे संसर्ग आणि अगदी तान्ह्या बाळांमध्ये झोपेत अचानक होणारा मृत्यू, यांचा धोका दुसऱ्यांच्या सिगारेटच्या धुरामुळे वाढतो. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१० च्या अहवालात असा अंदाज दिला होता की अशा धुरामुळे देशात दर वर्षी मुलांना जीपीकडे, म्हणजे परिसरातील फॅमिली डॉक्टरकडे, तीन लाखांहून अधिक वेळा न्यावे लागते आणि सुमारे ९,५०० वेळा रुग्णालयात दाखल करावे लागते. आपले मूल दर हिवाळ्यात खोकत असेल आणि येथील थंडीला दोष देऊन आपण गप्प बसत असू, तर गाडीतल्या हवेचाही एकदा विचार करावा.

तिसरी पायरी : काय ओढले जाते आहे ते तपासा

सिगारेट, हाताने वळलेली सिगारेट, विडी, सिगार, पाईप, हुक्का हे सर्व या नियमात येते. तंबाखू नसलेला पण पेटवून ओढला जाणारा कोणताही पदार्थही येतो, म्हणून 'हर्बल' असे लिहिलेली पाकिटे सुरक्षित समजू नयेत. झुरका न घेता नुसती पेटती सिगारेट बोटांत धरून बसणे हेही कायद्याच्या भाषेत धूम्रपानच आहे.

व्हेपची, म्हणजे ई-सिगारेटची, गोष्ट वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ साली लागू झालेल्या या नियमात ई-सिगारेटचा समावेश करण्यात आला नव्हता, कारण तिच्यात काही पेटत नाही. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत मांडलेल्या तंबाखू आणि व्हेप विधेयकात काही जागा व्हेपमुक्त ठरवण्याचे अधिकार सरकारला देण्याची तरतूद ठेवण्यात आली. त्यामुळे या विषयावर कोणा मित्राच्या जुन्या सांगण्यावर विसंबून न राहता सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाची स्थिती पाहणे हेच योग्य आहे. एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून संपूर्ण ब्रिटनमध्ये बंद झाली, यावरूनही या क्षेत्रातले नियम किती वेगाने बदलतात ते दिसते.

माझा सल्ला विचाराल तर गाडीपुरता व्हेप आणि सिगारेट यांत भेद करूच नये. एनएचएस, म्हणजे येथील सरकारी आरोग्यसेवा, प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळण्याचा पर्याय सुचवते हे खरे, पण मुलांसाठी आणि धूम्रपान न करणाऱ्यांसाठी तो नाही, हेही ती तितक्याच स्पष्टपणे सांगते. शिवाय बंद गाडीत व्हेपच्या वाफेचा दाट ढग चालकाच्या डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे गाडीवरचा ताबा किंवा रस्त्यावरचे लक्ष सुटले तर निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा स्वतंत्र आरोप होऊ शकतो, आणि त्यात लायसन्सवर किमान तीन पॉइंट, म्हणजे दंडगुण, चढतात. हायवे कोड या येथील वाहतूक नियमांच्या पुस्तिकेतील १४८ व्या नियमातही गाडी चालवताना लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत धूम्रपानाचा उल्लेख आहे.

चौथी पायरी : चालक म्हणून आपली जबाबदारी ओळखा

इंग्लंडमधील कायद्यात दोन वेगवेगळे गुन्हे आहेत. एक, धूम्रपानमुक्त वाहनात धूम्रपान करणे. दुसरा, चालकाने ते न थांबवणे. आपण आयुष्यात कधी सिगारेटला हात लावला नसेल, पण शेजारच्या सीटवरच्या पाहुण्याने मागे मूल बसलेले असताना ती पेटवली आणि आपण संकोचाने काही बोललो नाही, तर दंडाची नोटीस आपल्यालाही मिळू शकते. कायद्याने चालकाला बचावाची संधी दिली आहे : ओढणाऱ्याला थांबवण्यासाठी आपण योग्य ते प्रयत्न केले होते, किंवा तो ओढतो आहे हे आपल्याला माहीत नव्हते आणि माहीत असण्याची रास्त अपेक्षाही करता आली नसती, असे चालकाला दाखवता येते. लहानशा गाडीत धूर कळलाच नाही हे कोणाला पटणे कठीण आहे, म्हणून स्पष्ट शब्दांत नकार देणे आणि न ऐकल्यास सुरक्षित जागी गाडी थांबवणे, हाच व्यवहारातला खरा बचाव आहे.

आपल्या घरांत हे बोलणे किती अवघड जाते ते येथे लिहिलेच पाहिजे. सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर नातवंडांना भेटायला आले आहेत, चाळीस वर्षांची सवय आहे, जावयाने त्यांना 'गाडीत ओढू नका' म्हणायचे कसे? मोठ्यांचा मान राखणे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. म्हणून ही गोष्ट रस्त्यावर, सिगारेट पेटल्यानंतर काढू नये; ती घरी, चहाच्या वेळी, निघण्यापूर्वी काढावी आणि कायद्याचा आधार घेऊनच काढावी. 'आप्पा, इथे गाडीत मुलं असताना सिगारेट पेटवली तर आपल्याला आणि मला, दोघांनाही दंड होतो. आपण निघण्याआधी खाली बागेत जाऊन या, आणि वाटेत दर दीड-दोन तासांनी मी सर्व्हिसेसला, मोटरवेवरच्या विश्रांतीच्या थांब्यावर, गाडी थांबवतो,' असे शांतपणे सांगितले तर बहुतेक वडीलधारी माणसे मान्य करतात, कारण त्यात त्यांच्या सवयीवर टीका नसते आणि त्यांची सोयही पाहिलेली असते. जावयाला हे जमत नसेल तर मुलीने सांगावे. वडील तिचे ऐकतात. नातवंडाचे नाव मध्ये आले की काम आणखी सोपे होते.

मोटरवेवर मध्येच थांबता येत नाही आणि हार्ड शोल्डर, म्हणजे कडेची आपत्कालीन पट्टी, सिगारेटसाठी नसतो, हे पाहुण्यांना आधी सांगून ठेवावे. लंडनहून लेक डिस्ट्रिक्टला जाताना चार-पाच तास मोडतात, तेव्हा थांबे आधीच ठरवलेले असले की चिडचिड होत नाही. थांब्यावर उतरल्यावरही गाडीच्या उघड्या दाराशी उभे न राहता थोडे दूर जावे, म्हणजे धूर आत शिरणार नाही.

दुसऱ्यांची मुले आपल्या गाडीतून शाळेत किंवा रविवारच्या मराठी वर्गाला नेत असाल, तर गाडी कायमचीच धूम्रपानमुक्त ठेवावी. आदल्या रात्री ओढलेल्या सिगारेटचा वास आणि तिचे अवशेष सीटच्या कापडात राहतात. त्याला कायदा हात लावत नाही, पण आपल्या भरवशावर मूल पाठवणाऱ्या आईवडिलांशी आपले काही देणे लागते.

पाचवी पायरी : कामाची गाडी, टॅक्सी आणि भाड्याची गाडी यांचे नियम वेगळे आहेत हे जाणा

टॅक्सी आणि मिनीकॅब (आधी ठरवून बोलावायची खाजगी टॅक्सी), तसेच एकाहून अधिक माणसे कामासाठी वापरतात अशी कंपनीची वाहने, इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून धूम्रपानमुक्त आहेत. त्यांत मूल असण्या-नसण्याचा प्रश्नच येत नाही. मिनीकॅबचा चालक भाडे नसताना एकटा बसला असेल तरी त्याला आत ओढता येत नाही. भाड्याने घेतलेल्या गाडीच्या करारात धूम्रपानाविषयीची अट वाचून घ्यावी, कारण वास राहिल्यास सफाईचा खर्च ग्राहकाकडून वसूल केला जातो.

थोटूक खिडकीतून बाहेर फेकणे हा कचरा टाकण्याचा वेगळा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये २०१८ पासून चालत्या गाडीतून पडलेल्या कचऱ्यासाठी गाडीच्या नोंदणीकृत मालकाला दंड करण्याचे अधिकार कौन्सिलना, म्हणजे स्थानिक पालिकांना, मिळाले आहेत, मग ते थोटूक कोणीही फेकलेले असो.

सहावी पायरी : पोलिसांनी थांबवले तर

गाडी सुरक्षित जागी उभी करावी, इंजिन बंद करावे, शांतपणे बोलावे. नुसती ताकीद द्यायची, दंडाची नोटीस द्यायची की प्रकरण न्यायालयात पाठवायचे, हे पोलीस परिस्थिती पाहून ठरवतात. इंग्लंडमध्ये नोटिशीची रक्कम ५० पौंड आहे आणि ती ओढणारा व चालक अशा दोघांनाही स्वतंत्रपणे लागू शकते. हा आरोग्यविषयक कायद्याखालचा गुन्हा असल्याने त्यासाठी लायसन्सवर पॉइंट चढत नाहीत.

नोटिशीवर लिहिलेल्या मुदतीत रक्कम भरावी. आपली बाजू खरी आहे असे वाटत असेल तर रक्कम न भरता प्रकरण न्यायालयात मांडण्याचा मार्ग खुला असतो. मात्र तिथे दोष सिद्ध झाल्यास दंड नोटिशीपेक्षा मोठा होऊ शकतो, याचा विचार करून निर्णय घ्यावा. पोलिसांना रोख पैसे देऊ करण्याचा विचारही मनात आणू नये. तो येथे गंभीर गुन्हा आहे. मुलाचे वय लपवणे किंवा 'तो एकोणीसचा आहे' असे खोटे सांगणे हे पन्नास पौंडांच्या नोटिशीपेक्षा कितीतरी मोठ्या अडचणीत नेऊ शकते.

सातवी पायरी : हद्द ओलांडण्यापूर्वी तिथला नियम पाहा

ब्रिटनमध्ये चार प्रदेश आहेत आणि आरोग्याचे कायदे ते आपापले करतात. वेल्समध्ये नियम इंग्लंडच्याच दिवशी सुरू झाला असला तरी तो तेथील स्वतःच्या नियमावलीखाली आहे. स्कॉटलंडचा स्वतंत्र कायदा जिम ह्यूम या सदस्याने मांडलेल्या खाजगी विधेयकातून आला आणि ५ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. तिथे नोटीस १०० पौंडांची असते, न्यायालयात दंड १,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, आणि जबाबदारी ओढणाऱ्या प्रौढावर असते. न थांबवल्याबद्दल चालकाला तिथे वेगळा दंड नाही. उत्तर आयर्लंडमध्ये नियम १ फेब्रुवारी २०२२ पासून आहे.

एडिनबरोची सहल ठरली की हा फरक कामाला येतो. इंग्लिश खाडीखालच्या बोगद्याने किंवा बोटीने गाडी घेऊन युरोपात जाणाऱ्यांनीही तो पाहावा : फ्रान्समध्ये २०१५ च्या उन्हाळ्यापासून अठरा वर्षांखालील मूल गाडीत असताना धूम्रपान केल्यास १३५ युरोंचा दंड आहे, आयर्लंडमध्ये १ जानेवारी २०१६ पासून अशीच बंदी आहे, आणि इटलीने २०१६ मध्ये मुलांबरोबर गरोदर स्त्रियांचाही या संरक्षणात समावेश केला.

आठवी पायरी : सोडायचे असेल तर मदत मागा

गाडीतली सिगारेट बंद झाली की दिवसातल्या दोन-तीन आपोआप कमी होतात, आणि पुष्कळ जणांना तिथूनच पूर्ण सोडण्याची उमेद येते. जीपीकडे नाव नोंदवताना धूम्रपानाविषयी विचारले जाते. तेथे खरे उत्तर द्यावे, कारण त्या उत्तरावरून मदतीची वाट उघडते. बहुतेक भागांत सिगारेट सोडण्यासाठी स्थानिक सेवा विनामूल्य मिळते, तिच्यात समुपदेशकाशी नियमित बोलता येते आणि निकोटिनचे पॅच, च्युइंग गम यांची व्यवस्था होते. जवळच्या फार्मसीतही याची चौकशी करता येते. इंग्रजीत मोकळेपणाने बोलणे जमत नसेल, विशेषतः घरातल्या ज्येष्ठांना, तर भेटीची वेळ घेतानाच दुभाष्याची मागणी करावी. एनएचएसमध्ये ती करण्यात काहीही गैर नाही.

भारतात सुट्टीला जाताना

सिगारेट सोडून व्हेपवर आलेल्यांनी तिकीट काढतानाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर बंदी घातली आहे, त्यामुळे मुंबई किंवा गोव्याच्या विमानतळावर उतरताना व्हेप सामानात असू नये. नातेवाइकांनी मागितले म्हणून ते भेट म्हणूनही नेऊ नये. सुट्टीच्या काळासाठी निकोटिनचे पॅच किंवा गम चालतील का, हे निघण्यापूर्वी फार्मसीत विचारून ठेवावे, म्हणजे गावी गेल्यावर भाड्याच्या गाडीत मुलांशेजारी बसून पुन्हा सिगारेट पेटवण्याची वेळ येणार नाही.